सायकलवरचा प्रवास आणि आपले प्रवासवर्णन

मराठी वाचकाला प्रवासवर्णनाची गोडी जुनीच आहे. स्वतः घराबाहेर फारसा न पडणारा आपला मध्यमवर्ग दुसऱ्याच्या पायांनी मात्र पुष्कळ हिंडलेला आहे. दिवाळी अंक हाती आला की घरातली मंडळी कथा, कविता, व्यंगचित्रे यांची आपापल्या आवडीप्रमाणे वाटणी करून घेतात. प्रवासाचा लेख तेवढा आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला येतो. अशा या लाडक्या वाङ्मयप्रकाराविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. मी काही पट्टीचा टीकाकार नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा शाळामास्तराचा, नावावर थोड्या कादंबऱ्या, इतकीच माझी पुंजी. पण मी नंदुरबार जिल्ह्यात राहतो, आणि आमच्या या मुलखावर अलीकडे एका नव्या तऱ्हेचे प्रवासी लिहू लागले आहेत. त्यांचे लेखन वाचताना मनात जे आले ते येथे मांडतो.

प्रथम वाहनाविषयी. प्रवासवर्णनाचे गद्य लेखकाच्या वाहनाच्या चालीने चालते, असे माझे मत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेकडे पायी निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. त्यातले वाक्यन् वाक्य पायी चालणाऱ्या माणसाचे आहे. मुक्काम कोठे झाला, शिधा कोणी दिला, किती मिळाले आणि किती लुटले गेले, हे सारे त्यात हिशेबाने येते. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ १९५७ सालची. नर्मदेची परिक्रमा करणारा, भिक्षेवर जगणारा तो तरुणही पायीच चालतो, आणि म्हणूनच त्याला नदी दिसते तितकीच नदीकाठची माणसेही दिसतात. पुढे बोटी आल्या, विमाने आली. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) किंवा पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) ही पुस्तके कोणाला आवडत नाहीत? मलाही आवडतात. पण दूरच्या प्रवासाच्या गद्यात शहरे येतात, नाटकगृहे येतात, हॉटेलातले फजितीचे प्रसंग येतात. वाहन ज्या दोन ठिकाणी थांबते त्यांच्या मधला मुलूख सहसा येत नाही. तो दोष लेखकाचा नव्हे, वाहनाचा.

या दोहोंच्या मध्ये एक वाहन आपल्या दारातच उभे होते, ते म्हणजे सायकल. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खेड्यापाड्यांत पोस्टमन, ग्रामसेवक, दूधवाला आणि मास्तर हे चौघे सायकलवरूनच हिंडत. एवढे असूनही मराठी प्रवासवर्णनात सायकलला मानाचे पान मिळाले नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे इराणचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया असे फिरून १९२८ साली परत आले. त्यांनी पुस्तकही लिहिले, पण ते इंग्रजीत. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली वयाच्या विशीत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जग फिरून आली. पराक्रम मराठी मुलीचा. आता मराठी गद्याने आपला वाटा उचलावयाचा आहे.

तशी आज संधीही आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईकडे, नाशकात आणि आमच्या शेजारच्या सुरतेतही सायकलीची हौस नव्याने उगवली आहे. तीतच एक प्रकार आहे, त्याला ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वाकलेले, पण टायर रुंद आणि खडबडीत. डांबरी सडक सोडून खडी-मुरमाच्या वाटेने जावयाचे. सीटच्या मागे, नळीच्या पोटात आणि हँडलच्या पुढे पिशव्या आवळून त्यांत तंबू, कपडे, स्टोव्ह भरावयाचे आणि चार-सहा दिवस डोंगरात काढावयाचे, याला म्हणतात ‘बाइकपॅकिंग’. नावे नवी, कल्पना तितकी नवी नाही. इंग्लंडात अशा आडवाटेच्या सायकलस्वारांचे ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचे मंडळ १९५५ सालीच स्थापन झाले. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या कण्यावरून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारा हजारो किलोमीटरांचा मार्ग १९९७ च्या सुमारास आखला गेला आणि ही हौस जगभर पसरली. आपल्याकडे तिचे पहिले आवडते ठिकाण कोकण. सागरी रस्त्याने जावे, खाडी आडवी आली की सायकल तरीवर चढवावी, आगरदांड्याहून दिघी, दाभोळहून धोपावे, असे करीत दक्षिणेकडे उतरावे. कोकण पाहून झाले की मंडळी डोंगर शोधू लागतात, आणि सह्याद्रीही ओळखीचा झाला की त्यांची नजर सातपुड्याकडे वळते. अशा रीतीने ते आमच्याकडे येतात. प्रकाशाच्या संगमावर तापी ओलांडतात, तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावला जातात. किंवा शहाद्याहून तोरणमाळ गाठून यशवंत तलावाच्या काठी तंबू ठोकतात. घरी गेल्यावर त्यांतले काही लेख लिहितात. पुरवण्यांतून, स्मरणिकांतून, मंडळांच्या वार्षिकांतून हे लेख येतात, आणि मी ते आवडीने मिळवून वाचतो.

आता अशा लेखाचा साचा पाहा. पहिल्या परिच्छेदात सायकलीची जात आणि टायरची रुंदी. दुसऱ्यात पिशव्यांतील सामानाची यादी. मग पहाट, धुके, चढण, घाम. मधे कोठेतरी एका झोपडीपाशी ‘भोळेभाबडे आदिवासी’ हात जोडून पाणी देतात. मग माथा, सूर्यास्त, आणि शेवटी दिवसाचे किलोमीटर व चढलेले मीटर. एक लेख वाचला की दहा वाचल्यासारखे होतात. लेखकांत लेखनगुण नाही असे नव्हे. कित्येकांची भाषा स्वच्छ आहे, निसर्ग पाहण्याची नजरही आहे. उणे आहे ते वेगळेच. त्यांनी जे वाहन निवडले त्याचा खरा गुण त्यांनी पानावर येऊच दिलेला नाही.

तो गुण कोणता? माझ्या मते तो वेग नव्हे, सोसणे तर नव्हेच. सायकलस्वार हा गरजवंत प्रवासी असतो, हा तो गुण. मोटारीतला माणूस काचा वर करून, डबा-पाणी बरोबर घेऊन कोठूनही पार होतो. त्याला कोणाशी बोलण्याची गरज पडत नाही. सायकलवाल्याचे तसे नाही. त्याचे पाणी दोन तासांत संपते. त्याला वाट विचारावी लागते. पंक्चर झाले, चेन तुटली, पाऊस आला, तर त्याला कोणाच्या तरी ओट्यावर चढावे लागते. आणि त्याची चाल इतकी धिमी असते की विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला पुरते ऐकू येते. पायी चालणाऱ्याच्या खालोखाल असा प्रवासी सायकलवालाच. म्हणजे गोडसे भटजी आणि दांडेकर यांचा खरा वारस तोच व्हावयास हवा.

आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी हिचे उदाहरण घ्या. १९६३ च्या जानेवारीत, युरोपातल्या कडाक्याच्या हिवाळ्यात, ती एकटी सायकलवर निघाली आणि उन्हाळ्यात दिल्लीला पोचली. सायकलीचे नाव तिने डॉन किहोतेच्या घोड्यावरून ठेवले होते. १९६५ साली तिचे ‘फुल टिल्ट’ प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात चढणी आहेत, बर्फ आहे, लांडगे आहेत. पण वाचून झाल्यावर मनात राहतात ती अफगाणिस्तानातली चहाची दुकाने आणि तिला घरात घेणारी माणसे. गंमत अशी की या सबंध प्रवासात तिच्या बरगड्या मोडल्या त्या सायकलवर नव्हे, गर्दीच्या बसमध्ये बंदुकीचा दस्ता लागून. गरज लपविली नाही की पुस्तकाला माणसे मिळतात, एवढेच मला यावरून म्हणावयाचे आहे.

आमच्या सातपुड्यात तर गरज लपविण्याने आणखी एक अनर्थ होतो. ‘ग्रॅव्हल’ म्हणजे काय? अक्कलकुवा-अक्राणीच्या भाषेत सांगावयाचे तर अर्धवट राहिलेला रस्ता! सायकलवाला लिहितो की, ‘सुदैवाने येथे अजून डांबर पोचलेले नाही.’ ज्या पाड्यातून तो जातो तो पाडा डांबरासाठी वर्षानुवर्षे अर्ज करतो आहे. खेड्यांना बारमाही रस्ते देणारी केंद्र सरकारची योजना २००० सालच्या डिसेंबरात सुरू झाली. तिच्यात डोंगरी व आदिवासी भागासाठी किमान अडीचशे लोकवस्तीची मर्यादा होती. आमच्याकडची गावे एका जागी वसलेली नसतात. एकेका टेकडीवर दहा-वीस घरांचा पाडा, असे गाव पसरलेले असते. तेव्हा मर्यादेत न बसणारे पाडे किती असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. प्रवाशाला जे सौंदर्य वाटते तेच तेथे राहणाऱ्याचे हाल असू शकतात. या दोन गोष्टी एकाच मुरमावर उभ्या आहेत. यांपैकी एकच लिहिणारा लेखक खोटे बोलत नाही हे खरे, पण तो अर्धेच बोलतो.

आकड्यांचेही तसेच. मी आकड्यांचा द्वेष्टा नाही. वर्गात गणितही शिकवितो. तापीकाठापासून तोरणमाळच्या माथ्यापर्यंत सुमारे हजार मीटरची चढण आहे, हे वाचले की लेखकाच्या मांड्यांविषयी आदर वाटतो. पण वाङ्मयात आकड्याला अर्थ यावयाचा तर तो कोणाच्या तरी आयुष्यात पडलेला दाखवावा लागतो. हीच चढ-उतर आमच्याकडे रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून चौघे खांद्यावरून करतात. चांदसैली घाटाचे वर्णन मी निदान चार लेखांत वाचले. वळणे किती, कोणत्या वळणावर छायाचित्र चांगले येते, सारे आले आहे. २०२१ च्या पावसाळ्यात याच घाटात दरड कोसळून वाट बंद झाली, आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक माणूस दवाखान्याकडे निघाला आणि ती वाटेतच गेली. वर्तमानपत्रांतून ही बातमी आली होती. घाटावर लिहिणाऱ्याने ती आपल्या लेखात आणलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. परंतु वळणावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ तो पाच मिनिटे टेकला असता, तर ती त्याला कळल्यावाचून राहिली नसती. जी वाट आपण लिहितो तिची आठवण कोणाकोणाला कशी आहे, हे विचारणे हा प्रवासवर्णनाचा धर्मच आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘मास्तर, हा खेळ आहे. माणूस दमूनभागून चार दिवस मोकळ्या हवेत जातो, त्याच्या मानगुटीवर समाजशास्त्र कशाला बसविता?’ हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. खेळाची नोंद खेळाच्या वहीत जरूर असावी. तेथे किलोमीटर आणि तास हेच सत्य. डोंगर चढल्याचा निव्वळ आनंद लिहिण्याचाही प्रत्येकाला हक्क आहे, आणि तो आनंद मला परका नाही. माझे भांडण इतकेच की, लेख जेव्हा ‘अपरिचित सातपुडा’ अशा मथळ्याने वाचकांसमोर येतो, तेव्हा तो खेळाची वही राहत नाही. तो एका मुलखाचा परिचय होतो. पुण्यातल्या आणि ठाण्यातल्या घरी दिवाळीच्या सुट्टीत तो वाचून कुटुंबे ठरवितात की नंदुरबार जिल्हा म्हणजे असा. ज्याने परिचय करून देण्याचे काम अंगावर घेतले, त्याने ते नीट करावे असे म्हणण्याचा हक्क वाचकाला आहे.

आणि वाचक केवळ पुण्या-ठाण्यातच नाहीत. एकदा नववीच्या वर्गात मी तोरणमाळवरचा असा एक लेख वाचून दाखविला. वर्गात पावरा, भिल्ल, मावची, सगळ्या घरांतली मुले होती. आपल्या डोंगराचे नाव छापून आले याचे त्यांना आधी मोठे अप्रूप वाटले. वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, ‘सर, यात माणसं नाहीत का?’ मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘आहेत ना. भोळी लोकं आहेत.’ वर्ग हसला. मला त्या हसण्यात एक सबंध टीकालेख ऐकू आला. या मुलांच्या घरी चैत्र-वैशाखात कैऱ्या चिरून आमचूर वाळत घालतात, होळीत काठीच्या उत्सवाला रात्रभर ढोल वाजतात, नर्मदेच्या बुडितात गेलेल्या मणिबेलीसारख्या गावांच्या कहाण्या आजोबा सांगतात. त्यांच्या भाषेत पायवाटेला, चढणीला, झऱ्याला आपापले शब्द आहेत. यांतले काहीही त्या लेखात आले नव्हते. ‘भोळी’ हे एक विशेषण तेवढे आले होते. या प्रकारचे दुःख आमच्या शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांनी फार पूर्वी ओळखले. ‘गोधड’ (१९८७) हा त्यांचा संग्रह. त्यांची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्धच आहे. ज्यांना व्यासपीठावर कोणी बोलाविले नाही आणि आपलेच दुःख ज्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले, त्यांची ती कविता. सायकलवरून येणाऱ्या लेखकांनी पिशवीत नकाशा ठेवतात तसे हे लहानसे पुस्तकही ठेवावे, अशी माझी सूचना आहे. वजन फारसे होणार नाही.

मग चांगल्या सायकल-प्रवासवर्णनाकडून मी काय मागतो? फार नाही. ज्याने पाणी दिले त्याचे नाव विचारावे. लेखात द्यावयाचे की नाही ते त्यालाच विचारून ठरवावे. ‘एक आदिवासी’ म्हणून त्याला कोणत्याही डोंगरावर उभे करू नये. वाटेचे स्थानिक नाव टिपावे. जे मिळाले ते लिहावे; भाकरी मक्याची होती की ज्वारीची, ओटा कोणाचा होता, त्या रात्री त्या घरातले कोण कोठे निजले. गोडसे भटजींनी दक्षिणेचा हिशेब ठेवला, परतताना गंगेची कावड वाहून आणली. त्यांच्या पुस्तकाचे वजन त्या हिशेबात आणि त्या कावडीत आहे. घेतल्याची नोंद हा प्रवासवर्णनाचा कणा होय. ज्याला कोणाकडून काहीच घ्यावे लागले नाही त्याने सुखाने घरी जावे, त्याला लिहिण्यासारखे फारसे नाही.

दुसरी अपेक्षा अधिक मोठी आहे. आमच्या जिल्ह्यात सायकल ही बाहेरून आलेली वस्तू नाही. कॅरिअरला दोन्ही अंगांनी दुधाच्या कॅनी टांगून गावे फिरणारा दूधवाला हा मूळचा ‘बाइकपॅकर’ आहे. त्याला पिशव्या आवळण्याची कला कोणी शिकविलेली नाही. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत येण्यासाठी सायकली मिळतात. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर मुलगी सायकलने येते. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की सायकल खांद्यावर घेऊन येते, मडगार्डात चिखल भरला की काडीने काढते, आणि पहिल्या तासाला हजर असते. तिच्या दृष्टीने ती रोजची वाट म्हणजे पराक्रम नाही. पण त्या पाच किलोमीटरांत तिने काय पाहिले, कोणाला ओलांडले, कोठे भीती वाटली आणि त्याच जागी पुढच्या वर्षी का वाटेनाशी झाली, हे तिने लिहिले तर मराठी प्रवासवर्णनाला एक नवे दालन उघडेल. दूर गेले म्हणजेच प्रवास, ही समजूत आपण विमानांकडून उसनी घेतली आहे.

ही दिवाळी आहे म्हणून एक गोष्ट आठवते. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून अस्तंब्याच्या डोंगराची यात्रा निघते. सातपुड्यातले हे उंच शिखर अश्वत्थाम्याचे मानले जाते. कपाळाची जखम घेऊन तो चिरंजीव याच रानांत हिंडतो, जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवितो, अशी लोकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. पण प्रवासी म्हणजे मागणारा माणूस, आणि मागणाऱ्यानेच दुसऱ्याला वाट दाखवावयाची, हे लोकांनी या कथेत किती सहज धरून ठेवले आहे! आमच्या नव्या सायकलस्वारांच्या लेखांत नेमके हेच येत नाही. पाणी मागितल्याचे ते एका ओळीत उरकतात आणि वाट फक्त नकाशातली दाखवितात.

तरीही मी निराश नाही. जे लोक सुट्टीचे चार दिवस काढून, हजारोंची सायकल घेऊन, आरामाची जागा सोडून मुरमाच्या वाटेने येतात त्यांच्यात कुतूहल आहेच. नाहीतर ते आले कशाला असते? कुतूहल डोंगरापाशी न थांबता माणसापर्यंत गेले की उरलेले काम भाषा करते. सायकलवर लिहिलेले एक थोर पुस्तक मराठीत यावयाचे आहे. ते बाहेरून येणाऱ्या स्वाराने लिहिले काय किंवा आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने लिहिले काय, मला आनंदच होईल. मात्र मुलीचे आधी आले, तर मास्तराला आनंद थोडा अधिक होईल, हे येथेच सांगून ठेवतो.